मिठाची चिमूट आणि चार तासिका
(शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



रिचर्ड अॅटनबरो यांचा 'गांधी' हा चित्रपट १९८२ साली प्रदर्शित झाला. त्याची लांबी १९१ मिनिटे. अनेक शाळांत तो २ ऑक्टोबरच्या सुमारास सलग दाखविला जातो, मुले कंटाळतात आणि दुसऱ्या दिवशी निबंध लिहून घेतला की कर्तव्य संपते. माझी सूचना अशी की, त्यातील मिठाच्या सत्याग्रहाचा भाग तेवढा निवडावा आणि तो वेगवेगळ्या विषयांच्या शिक्षकांनी वाटून घ्यावा.

अर्थशास्त्र हा माझा विषय. म्हणून आरंभ तेथूनच करतो. १९३० साली मिठावर मणामागे सव्वा रुपया कर होता. मण म्हणजे ४० शेर आणि रुपया म्हणजे १६ आणे. अर्थात शेराला अर्धा आणा. माणशी वर्षाला सहा शेर मीठ लागते असे धरा. कर झाला तीन आणे. रक्कम क्षुल्लक वाटते. परंतु २ मार्च १९३० रोजी लॉर्ड आयर्विन यांना लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी दोन आकडे शेजारी ठेवले होते : व्हाइसरॉयचे मासिक वेतन २१,००० रुपये, सामान्य भारतीयाचे सरासरी दैनिक उत्पन्न दोन आण्यांहूनही कमी. आता मुलांना त्रैराशिक मांडू द्या. सामान्य माणसाची दीड दिवसाहून अधिक कमाई या करात जाते. व्हाइसरॉयची जाते सुमारे २३ सेकंदांची! प्रतिगामी कर म्हणजे काय, हे यानंतर फळ्यावर व्याख्या लिहून सांगावे लागत नाही. मीठ महागले तरी माणूस ते खाणे सोडत नाही. म्हणजेच मागणी अलवचीक. म्हणूनच तिजोरीला तूट आली की सरकारची नजर मिठाकडे वळे. १९२३ साली विधिमंडळाचा विरोध डावलून हा कर दुप्पट करण्यात आला आणि पुढच्याच वर्षी पूर्ववत करावा लागला. (स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर टिपून ठेवावे.)

विज्ञानाच्या शिक्षकाला प्रयोगशाळाही लागत नाही. एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतील खाण्याचे मीठ साधारण २७ ग्रॅम. पावसाळ्यात जाडे मीठ ओलसर का होते, याचे उत्तर उरलेल्या मॅग्नेशियमच्या क्षारांत आहे. भूगोलाच्या तासाला साबरमती ते दांडी हे सुमारे ३८५ किलोमीटर नकाशावर मोजावेत आणि देशातील बहुतांश मीठ आजही गुजरातमध्येच का पिकते, हे पर्जन्यमानाच्या नकाशावरून शोधावे. कोकणातील शाळांनी १९३० सालचा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह विसरू नये. ते मिठागर चित्रपटात नाही.

किंबहुना चित्रपटात काय नाही, हाच इतिहासाच्या शिक्षकाचा खरा विषय होय. धारासनाची हकीकत जगाला कळविणारा वॉकर हा पत्रकार काल्पनिक आहे. २१ मे १९३० रोजी तेथे प्रत्यक्ष होते ते युनायटेड प्रेसचे वेब मिलर. आणि या तीन तासांहून अधिक लांबीच्या चित्रपटात डॉ. आंबेडकर कोठेच दिसत नाहीत. दिग्दर्शकाला निवडीचे स्वातंत्र्य असते, हे मान्य. पण मुलाच्या मनात पडद्यावरचा इतिहास हाच पुरा इतिहास म्हणून ठसतो, आणि शिक्षक गप्प राहिला तर तो तसाच राहतो.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. चार शिक्षकांनी एकत्र बसून आखणी करायची, तर पहिला आक्षेप "पोर्शन कधी संपवायचा?" हाच येतो. तो आक्षेप खोटा नाही. पण करांचे प्रकार, क्षार, नकाशा हा सारा भाग पाठ्यक्रमातलाच आहे. बाहेरचे काही नाही.

एका शाळेत मी हा प्रयोग पाहिला. हिशेब संपल्यावर आठवीतील एका मुलीने विचारले, "सर, कर सरकारला जायचा, मग मिठागरात राबणाऱ्याला शेरामागे काय मिळायचे?" पुढची तासिका त्या प्रश्नावरच गेली. चित्रपट त्या दिवशी पुन्हा लावलाच नाही.