उसना ग्रंथ आणि सीमेवरचा वाचक
(शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाची थोरवी त्याच्या ग्रंथसंख्येवरून मोजण्याची प्रथा आहे. वार्षिक अहवालात पहिला आकडा ग्रंथांचा, दुसरा सभासदांचा आणि तिसरा वर्षभरात घरी दिलेल्या ग्रंथांचा असतो. संग्रहात नसलेला ग्रंथ दुसऱ्या ग्रंथालयातून आणून किती वाचकांच्या हाती दिला, हा चौथा आकडा मात्र सहसा आढळत नाही. बेळगाव-निपाणी परिसरातील ग्रंथालयांच्या दृष्टीने या चौथ्या आकड्याला विशेष मोल आहे. येथील मराठी वाचक एका राज्यात राहतो आणि त्याला हवा असलेला ग्रंथ पुष्कळदा दुसऱ्या राज्यातील कपाटात असतो, अशी स्थिती १ नोव्हेंबर १९५६ पासून आहे.

या परिसरातील वाचनसंस्कृती या तारखेहून पुष्कळच जुनी. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे, तर कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे. दोन वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या या संस्थांच्या मध्ये तेव्हाही एक सीमा होतीच. बेळगावावर कंपनी सरकारचा अंमल होता आणि कोल्हापूर संस्थानी मुलूख होता. तथापि ग्रंथालय चालविणे हे त्या काळी गावातील सुजाण मंडळींचे काम मानले जाई; ग्रंथ वर्गणीतून येत आणि देणगीतून वाढत. राज्यकर्ता निराळा असला, तरी ग्रंथालयाची रीत दोन्हीकडे सारखीच होती.

पुढे ग्रंथालयांना कायद्याचा आधार मिळू लागला, आणि सीमेचा खरा जाच येथूनच सुरू झाला. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयविषयक कायदा करून या बाबतीत भारतात आघाडी घेतली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातील चंदगड तालुका तेवढा कोल्हापूर जिल्ह्याकडे आला. म्हैसूर राज्याचा ग्रंथालय कायदा १९६५ चा आणि महाराष्ट्राचा १९६७ चा. दोन्ही कायद्यांचा हेतू स्तुत्य, परंतु घडण वेगळी. एकाने ग्रंथालय उपकर बसवून मुख्यतः शासनाची स्वतःची ग्रंथालये उभी केली. दुसऱ्याने लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना मान्यता, वर्ग आणि अनुदान देण्याचा मार्ग पत्करला. लोकवर्गणीतून वाढलेल्या सीमाभागातील मराठी वाचनालयाची यात मोठी कुचंबणा झाली. त्याची घडण ज्या कायद्याशी जुळते, त्याच्या हद्दीत ते नाही. आणि ज्याच्या हद्दीत ते आहे, त्याचा भर दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथालयांवर. अनुदान आटले की नवी खरेदी आटते, आणि खरेदी आटली की वाचक दुरावतो.

या अडचणीवर जगभरच्या ग्रंथालयांनी शोधलेला उपाय म्हणजे आंतरग्रंथालयीन देवघेव. १८७६ साली अमेरिकेतील वूस्टर येथील ग्रंथपाल सॅम्युअल ग्रीन यांनी एका व्यावसायिक नियतकालिकाला पत्र लिहून, ग्रंथालयांनी परस्परांना ग्रंथ उसने द्यावेत, अशी सूचना केली. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९५४ साली देशादेशांतील देवघेवीची तत्त्वे ठरविली. त्यांतील मुख्य सूत्र कोणत्याही गावच्या ग्रंथपालाला पटेल असेच आहे. ग्रंथ देणाऱ्या संस्थेच्या दारातून बाहेर पडल्यापासून तो परत येईपर्यंत त्याची संपूर्ण जबाबदारी मागणाऱ्या संस्थेची. म्हणजे ग्रंथ देणारा अनोळखी वाचकावर विसंबत नाही. तो दुसऱ्या ग्रंथालयाच्या शब्दावर विसंबतो. निपाणीच्या वाचकाला कोल्हापूरचे ग्रंथालय ओळखत नसेल, पण निपाणीच्या वाचनालयाचा शिक्का, चिटणिसाची सही आणि परतीची तारीख त्याला पुरेशी असते.

मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डेन नावाच्या ग्रंथपालाला पाचारण केले आणि त्यानंतर संस्थानात फिरत्या ग्रंथपेट्यांची योजना सुरू झाली. लाकडी पेट्यांत निवडक पुस्तके घालून त्या गावोगावी पाठविल्या जात, आणि पेटीचे भाडेही संस्थान सोसत असे. अलीकडे, २००९ साली नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या आश्रयाने विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. शंभर पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि अशा पेट्या परदेशातील मराठी कुटुंबांपर्यंतही पोहोचल्या आहेत. नाशिकची पेटी समुद्रापलीकडे जाऊ शकते, तर कोल्हापूरचा ग्रंथ सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या निपाणीस जाण्यास प्रत्यवाय कोणता, हा प्रश्न सीमाभागातील प्रत्येक ग्रंथालयाने स्वतःला विचारावा असा आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. देवघेव म्हटली की सीमाभागाने मागावे आणि महाराष्ट्राने द्यावे, असे चित्र डोळ्यांपुढे येते. ते अपुरे आहे. चंदगड तालुक्याचेच उदाहरण घ्यावे. त्याचा जिल्हा कोल्हापूर, पण त्याला जवळचे मोठे शहर बेळगाव. चंदगडच्या अभ्यासकाला जुना ग्रंथ हवा असेल, तर त्याने कोल्हापूरची लांबची वाट धरण्याऐवजी बेळगावचे कपाट उघडणे अधिक सोयीचे. येथे मागणारा महाराष्ट्रातील आणि देणारा कर्नाटकातील ठरतो. निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयाची गोष्ट तर याहून बोलकी. महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. आणि गाव मात्र सीमेच्या अलीकडे. विद्यार्थ्याच्या दप्तरातून ग्रंथ तेथे सहज सीमा ओलांडतो, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

शिवाय या भूमीने मराठीला दिलेले ऋण थोडके नाही. इंदिरा संतांची कविता बेळगावच्या घरात बहरली. प्रकाश नारायण संतांच्या लंपनने या परिसराची बोली महाराष्ट्रभर पोहोचविली. महादेव मोरे यांनी निपाणीत राहून कष्टकऱ्यांचे जग कथा-कादंबऱ्यांत आणले. बेळगावने १९२९ साली शिवराम महादेव परांजपे यांच्या, १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या आणि २००० साली य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलने भरविली. अशा ठिकाणच्या ग्रंथालयांत जुनी नियतकालिके, स्थानिक स्मरणिका, मुद्रणाबाहेर गेलेली पुस्तके जपली गेली असतील, तर ती पुण्या-मुंबईच्या संशोधकालाही हवीच आहेत. त्यांची सूची झाली, तर हीच ग्रंथालये देणाऱ्यांच्या पंक्तीत मानाने बसतील.

अडसर उरतो तो खर्चाचा. छापील पुस्तके नोंदणीने पाठविण्याची टपाल खात्याची जुनी सवलत डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा लहान वाचनालयांना चिंता वाटणे स्वाभाविक होते. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू झाली. शैक्षणिक, सांस्कृतिक व तत्सम मुद्रित पुस्तकांसाठी तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असे तिचे दर ठरविण्यात आले. या हिशेबाने मध्यम आकाराची एखादी कादंबरी सीमेपलीकडून येऊन परत जाण्यास पन्नास-शंभर रुपये पुरतात. हा भार वाचकाने, ग्रंथालयाने किंवा एखाद्या आश्रयदात्याने उचलणे अशक्य नाही.

तेव्हा शताब्दीच्या निमित्ताने तीन कामे हाती घेता येतील. पहिले, बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज आणि कोल्हापूर येथील इच्छुक ग्रंथालयांनी आपापल्या दुर्मीळ मराठी ग्रंथांची एकत्रित सूची करावी. लेखक, ग्रंथनाम, प्रकाशनवर्ष आणि ग्रंथालयाचे नाव एवढ्या चारच रकान्यांनी आरंभ होऊ शकतो. दुसरे, एका पानाचा लेखी करार करावा. ग्रंथ किती दिवसांसाठी, टपालखर्च कोणाचा, हरवल्यास भरपाई कशी, आणि जीर्ण ग्रंथ घरी न देता वाचनकक्षातच वाचावयास द्यावयाचा की कसे, एवढे त्यात स्पष्ट असावे. तिसरे, जे ग्रंथ प्रवासाला नाजूक आहेत, त्यांच्या प्रतिमा घ्याव्यात. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे लोटली की ग्रंथ स्वामित्वहक्कातून मुक्त होतो. १९२९ मध्येच निवर्तलेल्या परांजप्यांच्या साहित्याबाबत ही अडचण केव्हाच सरली आहे.

ही देवघेव मराठीपुरतीच राहू नये. जत, अक्कलकोट, सोलापूर येथील कन्नड वाचकाची अडचण बेळगावच्या मराठी वाचकाहून निराळी नाही. त्याच्यासाठी कन्नड ग्रंथ याच मार्गाने उलट दिशेने गेला, तर करारास बळ येईल आणि त्यातील संशयाची जागा कमी होईल. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निर्णय न्यायालय देईल. ग्रंथालयांना मात्र त्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, हे त्यांतील दुसरे. सीमाभागात या सूत्राची कसोटी रोज लागते. पुढील वर्षीच्या अहवालात तो चौथा आकडा छापला जावा. आरंभी तो पाच असेल, दहा असेल. त्यातील प्रत्येक अंकामागे, ग्रंथ नाही म्हणून परत न फिरलेला एक वाचक असेल. आणि शंभर वर्षांपूर्वी वर्गणी गोळा करून हे ग्रंथालय उभारणाऱ्यांना अपेक्षित होते ते एवढेच.