भार आणि आधार

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



मी इंजिनिअर नाही. नोकरीची सगळी वर्षं बँकेत लेजर तपासण्यात गेली. पण आमच्या जमाखर्चाचा नियम आणि इमारतीचा नियम सख्खे भाऊ आहेत, एवढंच सांगायला उभा आहे.

बँकेत जितकं नावे, तितकंच जमा. इमारतीत जितका भार खाली, तितकाच आधार वर. हा ताळमेळ आहे म्हणून आपण स्थिर आहोत. पण ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे प्रत्येक खातं ठीक, असं नसतं!

गच्चीवरची ५,००० लिटरची टाकी घ्या. नुसतं पाणीच ५ टन. समजा, ४ मीटर अंतरावरच्या दोन खांबांवर टेकलेल्या बीमवर ती ठेवली. बरोबर मध्ये असेल तर प्रत्येक खांबाला अडीच टन. एका खांबापासून १ मीटरवर सरकवली, की त्या खांबावर पावणेचार आणि दुसऱ्यावर सव्वा टन. बेरीज पाचच, पण एकाचं ओझं दीडपट झालं.

बाल्कनीला तर एकाच बाजूला आधार. तिथल्या सांध्याला वजन उचलावं लागतंच, शिवाय बाल्कनी खाली झुकू नये म्हणून तिला घट्ट धरूनही ठेवावं लागतं. भाजीची पिशवी अंगालगत धरा, मग हात लांब करून धरा. खांद्याला फरक लगेच कळतो. ४० किलोची कुंडी भिंतीपासून ३० सेंटीमीटरवर ठेवली काय आणि कठड्याजवळ १२० सेंटीमीटरवर ठेवली काय, वजन तेच. पण सांध्याला वाकवणारा जोर चौपट! हा जोर झेलणाऱ्या मुख्य सळ्या बाल्कनीच्या स्लॅबमध्ये वरच्या अंगाला असतात. लादीतून मुरलेलं पाणी आधी त्यांनाच गाठतं. खालून रंग कितीही छान दिसो.

त्यात आपण खाडीकाठचे. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ साली सुरू झाला. खाऱ्या हवेत त्याच्या आतल्या पोलादी केबल गंजल्या. १९९७ साली शेजारी दुसरा पूल उभा राहिला.

आधाराचा स्वभाव असा, की जेवढं मागाल तेवढं तो निमूट देत राहतो. पण त्याचीही पत ठरलेली असते. तडा, पोपडा, गंजाचा डाग ही त्याची नोटीस समजा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी व्हायला हवं. त्यानंतर दर ३ वर्षांनी. आपली पंचविशी झाली. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून ढकलू नका. लॉबीचं ग्रॅनाइट थांबू शकतं. आणि उद्या सकाळी जड कुंड्या तेवढ्या कठड्यावरून उतरवून भिंतीशी सरकवा. त्याला ठराव लागत नाही!

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.