‘नको’ म्हणण्याची रीत

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



मराठी शाळेच्या हीरक महोत्सवात हिंदी संभाषणाचा विषय निघावा, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. परंतु हिंदी मुलखातील मराठी शाळेचा विद्यार्थी फाटकाबाहेर पाऊल टाकतो, तेव्हा ते पाऊल हिंदीतच पडते. हिंदी विषयात त्याला उत्तम गुण मिळतात, निबंध तो निर्दोष लिहितो. तरीही शेजारच्या घरी पुढे आलेला चहा नाकारण्याची वेळ आली, की त्याची भाषा अडखळते. प्रसंग अगदी लहान, पण शेजारधर्माची परीक्षा अशाच लहान प्रसंगांत होत असते.

दिवाळीच्या फराळाचे ताट घेऊन एखादा मराठी मुलगा शेजारी जातो, अशी कल्पना करावी. घरातील बाई कौतुकाने विचारतात, “बेटा, चाय पियोगे?” मुलगा नम्रच असतो. त्याच्या मनात घरचे साधे वाक्य उमटते : ‘नको, काकू.’ त्याचे तो तत्परतेने हिंदी करतो : “नहीं चाहिए, आंटी.” बाई क्षणभर गप्प होतात. मुलाने उद्धटपणा केलेला नसतो, त्याने केवळ भाषांतर केलेले असते. मात्र ‘नहीं चाहिए’ हे शब्द त्या बाईंच्या कानांवर एरवी पडतात, ते दारावर आलेल्या विक्रेत्याला परत पाठवताना.

या अडचणीचे मूळ मराठीच्या एका वैभवात आहे. ‘नाही’ आणि ‘नको’ असे दोन वेगळे शब्द मराठीजवळ आहेत. ‘नाही’ वस्तुस्थिती सांगतो, ‘नको’ इच्छा सांगतो. ‘चहा नाही’ म्हणजे घरात चहा उपलब्ध नाही आणि ‘चहा नको’ म्हणजे चहा आहे, पण घेण्याची इच्छा नाही. शिवाय ‘जाऊ नको’, ‘रागावू नका’ असे निषेधाचे कामही हाच शब्द करतो. हिंदीत निषेधासाठी ‘मत’ आहे, परंतु समोर आलेली वस्तू सौम्यपणे परतवणाऱ्या ‘नको’ची जागा तेथे रिकामी आहे. दख्खनी बोलीने मराठीच्या सहवासात ‘नक्को’ हा शब्द उचलला आणि हैदराबादेत तो आजही सर्रास ऐकू येतो. उत्तरेकडील हिंदीने मात्र ती जागा एका शब्दाने भरली नाही. मराठी माणूस जे एका शब्दात उरकतो, ते हिंदी भाषक एका छोट्या संवादाने साधतो. म्हणून येथे शब्दकोश उपयोगी पडत नाही, रीत शिकावी लागते.

या रीतीचे तीन भाग सांगता येतील. पहिला भाग, देणाऱ्याच्या भावनेचा स्वीकार. दुसरा, नकाराला घातलेली मर्यादा. तिसरा, संबंध पुढे चालू राहील अशी काही तजवीज. “शुक्रिया भाभीजी, अभी रहने दीजिए, अगली बार आपके हाथ की चाय ज़रूर पिऊँगा” या एका वाक्यात तिन्ही भाग येतात. ‘शुक्रिया’ने आदरातिथ्य पोहोचल्याची पावती दिली जाते. ‘अभी’ या लहानशा शब्दाने नकार त्या क्षणापुरता होतो. ‘अगली बार’ने पुन्हा येण्याचे वचन दिले जाते. स्नेहाच्या घरी याच अर्थाने ‘चाय उधार रही’ असेही म्हटले जाते. चहा घेतला नाही, परंतु त्याचे ऋण मान्य केले, असा त्यातला भाव आहे.

‘रहने दीजिए’ मराठी माणसाला परके वाटण्याचे कारण नाही, ते ‘राहू द्या’चेच भावंड आहे. ‘बस’ हा शब्दही असाच उपयोगी आहे. कपात चहा ओतला जात असताना हात किंचित आडवा धरून ‘बस, बस’ म्हटले, की पानावर हात आडवा धरणाऱ्या मराठी पाहुण्याचेच चित्र पुरे होते. तसेच नुसत्या ‘नहीं’पेक्षा ‘जी नहीं’ केव्हाही बरे, कारण त्या ‘जी’मुळे नकारापूर्वी आदर पोहोचतो.

क्रियापदाच्या रूपाकडेही लक्ष देणे अगत्याचे आहे. ‘मैं चाय नहीं पिऊँगा’ या भविष्यकाळी रूपात निर्धार आहे, रुसलेले मूल असेच बोलते. ‘मैं चाय नहीं पीता’ या रूपात सवय सांगितली जाते. नकार त्या घराच्या चहाला नसून चहा या पेयालाच आहे, हे त्यातून कळते आणि यजमान दुखावत नाही. अर्थात हे वाक्य उच्चारल्यावर ‘तो फिर दूध? शरबत?’ या पुढच्या प्रश्नाची तयारी ठेवावी लागते. लिंगभेदाचीही एक गंमत आहे. मराठी चहा पुल्लिंगी, हिंदी चाय स्त्रीलिंगी. त्यामुळे ‘चहा घेतला’च्या वळणावर ‘चाय पी लिया’ असे वाक्य मराठी तोंडून सहज निघते. ‘चाय पी ली है’ हे शुद्ध रूप मुलांच्या अंगवळणी पडावे. मधुमेही पालकांनी ‘फीकी चाय’ हा शब्द लक्षात ठेवावा. मराठीत फिका चहा म्हटल्यावर कमी कडक चहा डोळ्यांसमोर येईल, हिंदीत त्याचा अर्थ बिनसाखरेचा. कित्येकदा चहा नाकारण्याऐवजी एवढे सांगणे पुरेसे होते.

पहिला नकार हिंदी मुलखात बहुधा नकार मानला जात नाही. त्याला ‘तकल्लुफ़’ समजले जाते, म्हणजे केवळ औपचारिक संकोच. मग ‘अरे, ऐसे कैसे’, ‘थोड़ी-सी’, ‘आधा कप’ अशी आग्रहाची फेरी होते. राजस्थानात या आग्रहाला ‘मनुहार’ असे गोड नाव आहे. मराठी पंगतीतील आग्रहही याच जातीचा, फरक इतकाच की तो चहापेक्षा जिलबी-श्रीखंडावर अधिक खर्ची पडतो. तेव्हा यजमानाने दुसऱ्यांदा विचारले म्हणून त्रासून जाऊ नये. दुसऱ्या वेळी तेच उत्तर अधिक हसतमुखाने द्यावे, आवाज चढवू नये.

येथे एक नैतिक प्रश्न उपस्थित होतो. ‘अभी-अभी पीकर आया हूँ’ हे सर्वांत प्रचलित उत्तर पुष्कळदा खरे नसते. मग सभ्यतेसाठी मुलांना असत्य शिकवावे काय? तशी गरज नाही. ‘इस समय मन नहीं है, बस आपके पास बैठूँगा’ हे वाक्य खरे आहे आणि अधिक जिव्हाळ्याचेही. ‘क्या लेंगे?’ या प्रश्नाला ‘कुछ नहीं, बस आपसे मिलने आया था’ हे उत्तर तर चहापेक्षाही गोड लागते. आपल्याकडे येण्याचे कारण पेयपदार्थ नसून आपण स्वतः आहोत, हे ऐकून कोणता यजमान खट्टू होईल?

इथवर चहाची चर्चा झाली. पाण्याची गोष्ट निराळी आहे. उत्तरेत घरी आलेल्या माणसापुढे प्रथम पाणी येते, खेड्यापाड्यांत त्याबरोबर गुळाचा खडा येतो. उन्हातून आलेल्याला गूळपाणी देण्याची मराठी रीत हिचीच बहीण आहे. चहा नाकारता येतो, पण पाणी नाकारले की मन दुरावल्याची शंका येते. म्हणूनच चहा नाकारताना पाणी मागून घेणे हा उत्तम उपाय ठरतो : “चाय रहने दीजिए, बस एक गिलास पानी पिला दीजिए.” मराठीत वडीलधाऱ्यांना ‘पाणी पाजा’ असे कोणी म्हणत नाही, त्यामुळे ‘पिलाइए’ म्हणताना मराठी जीभ कचरते. हिंदीत मात्र त्या ‘पिलाने’मध्ये यजमानाचा मान आहे.

पाण्याच्या नकारामागे मोठा सामाजिक इतिहास उभा आहे. लेकीच्या सासरी पाण्याचा थेंबही न घेण्याचे व्रत उत्तरेतील कित्येक पित्यांनी पाळले. त्या नकारात अपमान नव्हता, कन्येच्या घरचे काही घेऊ नये ही जुनी समजूत होती. परंतु ‘हुक्का-पानी बंद’ हा वाक्प्रचारही याच हिंदीचा आहे. ज्याला मराठीत वाळीत टाकणे म्हणतात, त्याचे वर्णन हिंदीने पाणी तोडण्याच्या भाषेत केले. एका काळी रेल्वे स्थानकांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे असे. प्रेमचंदांच्या ‘ठाकुर का कुआँ’ या कथेतील गंगी आजारी नवऱ्यासाठी घोटभर स्वच्छ पाणी आणू शकत नाही. आणि 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्राशन केले, तेव्हा पाणी पिणे ही समतेची घोषणा ठरली. स्वतंत्र भारताच्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली आणि सार्वजनिक विहिरी व तलाव सर्वांना खुले केले. घराच्या उंबरठ्याच्या आत मात्र संविधान आपण होऊन जात नाही, तेथे माणसालाच जावे लागते.

म्हणून ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या असे नकार सोसले आहेत, तेथे ‘अभी पीकर आया हूँ’ हे सभ्य वाक्यही सभ्य राहत नाही. ऐकणारा त्या शब्दांआडचा जुना आवाज ओळखतो. बोलणाऱ्याच्या मनात तसे काही नसले, तरी शंकेचा काटा राहतोच. अशा घरी नकाराची उत्तम रीत एकच : नकार देऊ नये. तहान नसली तरी पुढे आलेल्या पेल्यातले दोन घोट घ्यावेत. नम्र नकाराच्या शास्त्रातील हा अपवाद मुलांना सर्वांत आधी शिकवला पाहिजे.

आता दुसऱ्या टोकाकडे वळणे आवश्यक आहे, कारण शाळेतून बाहेर पडलेली मुले नोकरीनिमित्त दूरच्या शहरांत राहतात आणि त्यांच्यापुढे केवळ चहाच येतो असे नाही. ‘आप लेते हैं?’ या प्रश्नात कर्म अध्याहृत असते, आणि ते कर्म मद्य होय. मराठीतील ‘घेता का?’सारखेच हे. येथे चहाची रीत उलटी करावी लागते. चहा नाकारताना कारण देणे हे सौजन्य आहे. मद्य नाकारताना दिलेले कारण मात्र आग्रह करणाऱ्याच्या हाती सापडलेली मूठ ठरते. ‘आज तबीयत ठीक नहीं’ म्हटले, की ‘इसी से ठीक होगी’ असे उत्तर तयारच असते. ‘घर में पसंद नहीं करते’ म्हटले, की थट्टा सुरू होते. तेव्हा ‘जी, मैं नहीं पीता’ एवढेच म्हणावे, स्मित करावे आणि विषय बदलावा. दुसऱ्यांदा विचारणा झाली, तर तेच शब्द त्याच स्वरात पुन्हा म्हणावेत. येथे ‘अगली बार’ म्हणू नये, ते वचन उद्या वसूल केले जाते. वाहन चालवायचे असेल तर ‘गाड़ी चलानी है’ हे कारण मात्र निःसंकोच सांगावे. रक्ताच्या 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यांश आढळल्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 185 नुसार तो गुन्हा आहे. त्या कारणावर वाद घालणारा मनुष्य मित्र नव्हे.

तोच नियम कार्यालयातील ‘चाय-पानी’चा. मराठी चहापाण्याप्रमाणे या जोडशब्दालाही लाचेचा वास लागलेला आहे. शाळेचे जे विद्यार्थी अधिकारपदावर आहेत, त्यांच्यापुढे हा शब्द कधी ना कधी येतोच. तेथे तीन भागांच्या नम्रतेची गरज नाही. मुलाच्या तोंडी शेजाऱ्याच्या घरी शोभले नाही, ते ‘नहीं चाहिए’ येथे अगदी यथायोग्य ठरते.

या सर्व विवेचनाचे सार थोडक्यात असे : जेथे स्नेहाने पेला पुढे केला जातो, तेथे नकार सविस्तर असावा, जेथे दबावाने किंवा स्वार्थाने केला जातो, तेथे तो संक्षिप्त असावा, आणि जेथे नकारानेच इतिहासात जखमा केल्या, तेथे तो नसावाच. कोणता पेला कोणत्या हेतूने पुढे आला आहे हे ओळखण्याचे शहाणपण व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. ते घरी, पाहुण्यांच्या येण्याजाण्यातून, थोरांचे वागणे पाहून येते.

पालकांकडून म्हणूनच एक अपेक्षा करता येईल. घरात ‘नको’ जपावा. तो मराठीचा ठेवा आहे आणि त्याच्या एका उच्चारात जी मृदुता आहे, ती मुलांच्या कानांत राहिली पाहिजे. मात्र मूल शेजारी निघाले, की तीच मृदुता हिंदीत कशी पोहोचवायची, हेही त्याला सांगावे. दुसऱ्याच्या दारात शोभेल अशा तऱ्हेने आपले मन बोलून दाखवता येणे, हेही भाषाशिक्षणच आहे. ते ज्याला साधले, तो मुलगा पुढच्या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन गेला आणि “आंटी, चाय रहने दीजिए, पानी पिला दीजिए” म्हणाला, की त्या घरातील बाई गप्प होणार नाहीत. पाण्याबरोबर गुळाचा खडाही आणतील.