शेल्टा गुहेचं फाटक



मी सॉफ्टवेअरवर बोलेन असं वाटलं असेल, पण मी बोलणार आहे एका आंधळ्या क्रेफिशबद्दल. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, खेकड्यासारख्या नांग्या असलेला झिंग्याचा नातलग.

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ज्या हन्ट्सव्हिल शहरात मी राहते, त्याच्या पोटात शेल्टा नावाची गुहा आहे. क्रेफिशची एक जात जगात फक्त तिथेच सापडते. अंगाला रंग नाही. डोळ्यांचे देठ उरलेत, दृष्टी गेली. लांब मिशांनी चाचपडत तो काळोखात संसार करतो. उजेड नाही म्हणून झाडपाला उगवत नाही. सगळं अन्न बाहेरून येतं: पाण्याबरोबर वाहून आलेला पालापाचोळा आणि पूर्वी वटवाघळांची विष्ठा.

१९६७ साली गुहा-अभ्यासकांच्या संस्थेने ही गुहा जतनासाठी विकत घेतली आणि पुढे माणसांचा उपद्रव नको म्हणून तोंडाशी फाटक बसवलं. हेतू चांगलाच होता. पण त्यातून वटवाघळांना नीट ये-जा करता येईना. ती निघून गेली आणि पाण्यातल्या जीवांचा मोठा घास गेला. वाढत्या शहराने भूजलही बिघडवलं. नंतर फाटक बदललं, तरी वटवाघळं परतली नाहीत. १९८८ नंतर हा क्रेफिश कुणाला दिसलाच नाही. संपला, असंच वाटत होतं. मग २०१९ मध्ये एक मादी दिसली, २०२० मध्ये एक नर.

ही गोष्ट मला लागली, कारण मीही एकदा ‘कुणी वापरत नाही’ म्हणून प्रोग्रॅममधली एक जुनी वाट बंद केली होती. सकाळी कळलं, दुसऱ्या विभागाचं सगळं काम त्याच वाटेने चालत होतं.

आज आपण शाळेला कुंपणाची भिंत आणि गेट देणार आहोत. माझाही वाटा आहेच. फक्त एक विनंती. मागच्या पडक्या भिंतीतून वस्तीवरची पोरं संध्याकाळी मैदानावर येतात, बायका नळावर येतात. आपल्यातले काही जण त्याच वाटेने शाळेत यायचे. तेव्हा गवंड्याला बोलावण्याआधी आठवडाभर तिथे उभं राहून पाहूया, कोण येतं, कोण जातं. मग त्यांच्यासाठीही एक छोटं दार ठेवूया.