कावळा, फांदी आणि वायरलेस

(मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचं लेखी रूप. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



मागच्या बैठकीत चहाच्या वेळी मी सहज म्हणून गेले की आमच्या घरच्या लॅपटॉपचं वायरलेस मधूनच बंद पडत होतं. लगेच सात-आठ जणांनी मला घेरलं. प्रत्येकाकडे एक रामबाण उपाय होता आणि प्रत्येकाला तो स्वतःच्या अनुभवाने पटलेला होता. संयोजक बाजूला उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "पुढच्या वेळी यावरच बोला." म्हणून आज उभी आहे.

आधीच कबूल करते, मी संगणकशास्त्रातली नाही. माझी पीएच.डी. रसायनशास्त्रातली आहे आणि माझा दिवस स्पेक्ट्रोमीटरच्या संगतीत जातो. इथले निम्मे लोक सॉफ्टवेअरमधले आहेत, त्यांनी चुकलं तर हात वर करावा. पण ही गोष्ट यंत्राइतकीच माझ्या वागण्याचीही आहे आणि त्या भागाची तज्ज्ञ मीच.

२०२५च्या मे महिन्यात माझे सासरे साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय ७६. सगळी नोकरी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये, मेकॅनिक म्हणून. त्यांचे थोरले भाऊ, नाना, साताऱ्यातच असतात. पक्षाघातामुळे नानांची वाचा गेली आहे. म्हणजे फोनवर बोलण्याचा प्रश्नच नाही, एकमेकांना बघणं एवढंच. अण्णांची नजरही आता अधू, फोनच्या पडद्यावर त्यांना चेहरा नीट दिसत नाही. म्हणून ठरलं की दर शनिवारी सकाळी नऊ वाजता, म्हणजे तिकडे संध्याकाळी साडेसहाला, जेवणाच्या टेबलावरच्या लॅपटॉपवरून नानांना बघायचं.

पहिला शनिवार, १७ मे, उत्तम गेला. अर्धा तास अण्णा बोलत होते आणि नाना बघत होते. दुपारी माझी मुलगी लॅपटॉपवर बसली तर वायरलेस नाही. जाळ्यांची यादीच नाही, ते चिन्हच गायब. नवऱ्याने रीस्टार्ट केला, आलं. सोमवारी अण्णांनी बातम्या पाहिल्या, तेव्हा काही झालं नाही. मंगळवारी त्यांनी नाटक पाहिलं आणि संध्याकाळी पुन्हा वायरलेस गायब. बुधवारी मला प्रयोगशाळेतल्या यंत्राची नोंद तातडीने बघायची होती आणि लॅपटॉप ढिम्म. मी वैतागून म्हटलं, "अण्णा, तुम्ही नक्की काय दाबता? आता काही दिवस याला हात नका लावू."

ते फक्त "बरं" म्हणाले.

त्यानंतर अण्णांनी लॅपटॉपला हात लावला नाही आणि वायरलेस तीन आठवडे एकदाही बंद पडलं नाही. माझ्यातल्या शास्त्रज्ञाला यापेक्षा जास्त काय हवं? कारण होतं तेव्हा बिघाड होता, कारण गेलं तसा बिघाड गेला. मी मनातल्या मनात शोधनिबंध लिहून मोकळी झाले. शनिवारी मुलगी म्हणाली, "आजोबा, मी लावून देते." अण्णा म्हणाले, "राहू दे गं, उगीच बिघडायचा." असे तीन शनिवार गेले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे पाहुणे होते. टेबल मांडायचं म्हणून मी लॅपटॉप मिटून कपाटावर ठेवला. पाहुणे गेल्यावर उघडला, तर वायरलेस नाही. अण्णा तेव्हा नातीबरोबर फिरायला गेले होते. म्हणजे माझा निबंध फेटाळला गेला होता, आणि तोही माझ्याच हातून.

मग मात्र मी रीतसर बसले. ते मी काय केलं, हे जरा सविस्तर सांगते, कारण घरी गेल्यावर तुम्हाला तेवढंच उपयोगी पडणार आहे.

पहिला प्रश्न: बिघाड कुठल्या बाजूला आहे? त्याच जागी, त्याच वायरलेसवर फोन लावून बघायचा. पण फोनचा मोबाइल डेटा आधी बंद करायचा, नाहीतर फोन आपल्याला फसवतो. फोन चालत असेल तर राउटर आणि बाहेरची लाइन यांचा नाद सोडायचा. आपल्यापैकी बरेच जण इथेच चुकतात आणि आधी राउटरची वायर काढतात. त्याने घरातल्या सगळ्यांचं नेट जातं आणि कळत काहीच नाही.

दुसरा प्रश्न: लॅपटॉपला स्वतःचं वायरलेस कार्ड दिसतंय का? विमानाचं चिन्ह चुकून दाबलं गेलं असेल तर ते आधी बघायचं. काही जुन्या लॅपटॉपवर कडेला छोटा खटका असतो, तोही. मग डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क अडॅप्टर्सची यादी बघायची. कार्ड यादीतच नसेल किंवा त्यावर पिवळं उद्गारचिन्ह असेल, तर भांडण कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर यांच्यात आहे. आमच्याकडे पिवळं चिन्ह होतं.

कार्ड व्यवस्थित असेल तर तिसरा प्रश्न: जोडणी कुठवर पोचते? लॅपटॉपला मिळालेला पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, लॅपटॉपने स्वतःच एक ठोकून दिला आहे. पत्ता ठीक असेल तर आधी राउटरला पिंग करायचं, मग ८.८.८.८ला, मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. आकडा पोचतो आणि नाव पोचत नाही, तर दोष नावाचा पत्ता शोधणाऱ्या डीएनएसमध्ये. प्रत्येक पायरीवर निम्मी शक्यता बाद होते.

एक गंमत इथेच सांगते. नवरा म्हणत होता, "बंद करून चालू केला तरी येत नाही, रीस्टार्ट केला की येतं." मला वाटलं हा काहीतरी सांगतोय. पण ते खरं होतं. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. शट डाउन केल्यावर प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. म्हणजे बिघाडही जसाच्या तसा जपला जातो! रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं.

आता आपल्या मंडळींचे उपाय. एकाने सांगितलं, मायक्रोवेव्हमुळे होतं. मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालतो आणि वायरलेसचा एक पट्टा २.४चा आहे, त्यामुळे अडथळा येतो हे शंभर टक्के खरं. पण त्याने वेग मंदावेल, जोडणी तुटेल. कार्डच नाहीसं होणार नाही. खरं कारण, पण दुसऱ्याच आजाराचं. दुसऱ्याने सांगितलं, नेटवर्क रीसेट करून टाका. त्याने कधी कधी काम होतं, पण जपून ठेवलेले सगळे पासवर्ड आणि ऑफिसच्या व्हीपीएनची मांडणी पुसली जाऊ शकते. तो शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

आणि हे सगळे उपाय प्रत्येकाला लागू पडल्यासारखे का वाटतात? कारण हा बिघाड येऊन-जाऊन असणारा आहे. तो आपोआप बरा होतो. आपण पाच गोष्टी करतो, पाचवीनंतर वायरलेस येतं आणि श्रेय पाचवीला मिळतं. सर्दी सात दिवसांनी बरी होते आणि अंगारा सहाव्या दिवशी लावलेला असतो. आपण इथे बसून अंगाऱ्याला हसतो. मंडळी, आपल्या घरात त्याचंच नाव "मी काय केलं माहितीये" असं असतं.

मग मी डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'इव्हेंट्स' या कप्प्यात गेले. तिथे तारखा असतात. १४ मे, पहाटे तीन वाजता नवा ड्रायव्हर आपोआप बसला होता. अण्णांनी लॅपटॉपला पहिल्यांदा हात लावला तो १७ तारखेला. पण मग १४ ते १७ काही का झालं नाही? आणि अण्णांनी सोडल्यावर तीन आठवडे का चाललं?

हे कोडं मी जेवताना बोलून दाखवलं. अण्णा उठले आणि त्यांची डायरी घेऊन आले. वर्कशॉपमधली सवय, रोजच्या नोंदी. १७ मे: नानाला पाहिले, लॅपटॉप मिटून ठेवला, दुपारी नेट नाही. १९ मे: बातम्या पाहिल्या, तू जेवायला हाक मारलीस म्हणून उघडाच राहिला, नेट ठीक. २० मे: नाटक पाहिले, मिटून ठेवला, संध्याकाळी नेट नाही.

आमच्या घरात तो लॅपटॉप कोणी मिटतच नव्हतं. मी त्यावरून रात्री-अपरात्री प्रयोगशाळेतलं यंत्र बघते, म्हणून तो सदा चार्जरला लावलेला आणि कधीच झोपणार नाही असा लावून ठेवलेला. वस्तू वापरली की झाकून ठेवावी, हे वळण फक्त अण्णांना होतं. मिटलं की लॅपटॉप झोपायचा आणि नव्या ड्रायव्हरला झोपेतून उठल्यावर कार्ड जागं करता येत नव्हतं.

मी विचारलं, "अण्णा, हे आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तू विचारलंस काय दाबता म्हणून. मी काही दाबलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी प्रयोग केला. नव्या ड्रायव्हरवर दहा वेळा मिटला, उघडला; सात वेळा वायरलेस गेलं. मग 'रोल बॅक ड्रायव्हर' करून जुन्यावर दहा वेळा, एकदाही नाही. दोष तसाच राहिला असता तर ओळीने दहा वेळा नशिबाने सुटण्याची शक्यता दहा लाखांत सहाच्या आसपास. तरी खात्रीसाठी नवा पुन्हा बसवला, दुसऱ्याच मिटण्याला दोष परत आला. पुन्हा जुना बसवला, गेला. कारण हवं तेव्हा लावता आणि काढता आलं, तरच त्याला कारण म्हणावं. नोंदी अण्णांनी ठेवल्या. ते म्हणाले, "गाडी सुरू होत नसेल तर आधी सेल्फ फिरतो का बघायचं. फिरला तर बॅटरीचा विषय संपला. मग डिझेल पंपापर्यंत येतंय का. एका वेळी एकच नट फिरवायचा, नाहीतर कशाने सुटलं ते कळत नाही." म्हणजे मी तुम्हाला इतका वेळ जे सांगितलं ते.

आणखी काही सूचना पटकन देते.

एक, ड्रायव्हर काढण्याआधी दुसरा पेन ड्राइव्हवर आणून ठेवा. वायरलेस नसताना तो उतरवणार कुठून? किंवा फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करा, काम भागतं.

दोन, कार्ड गेलं की ड्रायव्हर, याचा निवाडा करायचा तर पेन ड्राइव्हवरून उबुंटू चालवून बघा. तिथे वायरलेस चाललं तर कार्ड निर्दोष आहे.

तीन, पॉवर मॅनेजमेंटच्या कप्प्यात वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी असते, ती काढून बघा. काही नव्या लॅपटॉपवर हा कप्पा दिसतच नाही.

चार, जुन्या ड्रायव्हरवर कायमचं बसू नका. २०१७ आणि २०२१ साली वायरलेसमधल्या मोठ्या सुरक्षात्रुटी उघड झाल्या आणि त्या दुरुस्त झाल्या त्या अद्ययावत करूनच. दुरुस्त आवृत्ती आली की घ्या आणि पुन्हा दहा वेळा मिटून बघा.

पाच, कार्ड खरंच मेलं असेल तर यूएसबीचं छोटं अडॅप्टर स्वस्तात मिळतं. त्यासाठी नवा लॅपटॉप घेऊ नका.

आता शेवटचं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं आपण म्हणतो, म्हणजे कावळ्याचा काही संबंध नव्हता. माझ्या गोष्टीत संबंध होता. अण्णा मिटायचे तेव्हाच फांदी तुटायची. आकडेवारी माझ्या बाजूची होती आणि तरीही मी चूक होते, कारण फांदी तीन दिवस आधीच आतून कुजली होती आणि कावळा जे करत होता ते अगदी बरोबर होतं. संबंध दिसला म्हणजे दोषी सापडला असं नव्हे. आपले आई-वडील सहा महिन्यांसाठी इथे येतात, परक्या घरातल्या परक्या यंत्रांमध्ये राहतात आणि काही बिघडलं की आपली नजर आधी त्यांच्याकडे जाते. त्यांनी काही विचारण्याआधी आपण "हात लावू नका" म्हणतो. ते "बरं" म्हणतात आणि आपण त्याला उत्तर समजतो.

मी अण्णांची माफी मागितली. ते म्हणाले, "गाडी सुटली ना? झालं तर." पण ते तीन शनिवार मला परत आणता आले नाहीत, आणि नानांचं वय ८२ आहे. आता दर शनिवारी साडेनऊ वाजता अण्णा लॅपटॉप मिटून ठेवतात. आम्हीही मिटायला लागलो आहोत.

चहा तयार आहे असं दिसतंय. उपाय सांगायला येणार असाल तर तारखेसकट या.