रांगेत कळलेला सिनेमा



चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' आपल्यापैकी बहुतेकांनी घरीच पाहिला. ३० एप्रिल २०२१ ला तो नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा इथली थिएटरं बंद होती. ख्याल शिकणारा शरद रात्री रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकलवर जातो, मागे तानपुरा आणि कानात माई नावाच्या ज्येष्ठ गायिकेचं व्याख्यान. माईंचा तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. चित्रपट घराघरांत पोचण्याच्या अकरा दिवस आधी सुमित्राताई गेल्या. त्यांचा आवाज ऐकत असतानाच माझ्या घरी कुकरची शिट्टी झाली. मी चित्रपट थांबवला, पुन्हा लावला. पण लागलेला सूर गेला तो गेलाच. अंधाऱ्या सभागृहात तो असा तुटला नसता.

आणि घरी तरी हा चित्रपट आला कसा? व्हेनिसच्या महोत्सवामार्गे. २०२० साली तिथल्या मुख्य स्पर्धेत तो होता. 'मॉन्सून वेडिंग'नंतर, म्हणजे २००१ नंतर, तिथवर पोचलेला हा पहिला भारतीय चित्रपट. पटकथेचा पुरस्कारही त्याला मिळाला.

ओटीटीवर चित्रपटांना तोटा नाही. पण जो चित्रपट आहे हेच ठाऊक नाही, त्याचं नाव शोधायला कोण टाकणार? ॲप आपल्याला आपल्याच कालच्या आवडीसारखं काही पुढे करतं. महोत्सवात मात्र कुणीतरी माणूस ढिगातला एक चित्रपट शेवटपर्यंत पाहतो आणि म्हणतो, हा दाखवायचाच. रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' घ्या. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाल्या यांची ही हळुवार प्रेमकथा. ना मोठा नट, ना जाहिरातीचे फलक. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक चित्रपट विभागात त्याला ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं, आणि सप्टेंबरमध्ये तो आपल्या थिएटरांत लागला.

सगळ्यांचं इतक्या लवकर जमत नाही. जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' २०२३ च्या सप्टेंबरात टोरांटोला गौरवला गेला आणि इथे लागला मार्च २०२५ मध्ये. हे दीड वर्ष मला फार सलतं.

तोवर असा चित्रपट गाठायचा तो महोत्सवातच. पुण्याचा महोत्सव २००२ पासून भरतो आहे. तिथल्या रांगेत मागे उभ्या असलेल्या अनोळखी बाई सांगतात, "बाकीचे दोन सुटले तरी चालतील, पण संध्याकाळचा तो सोडू नका." मी वहीत वेळ लिहून घेतो.