रुग्णसेवा आणि माणसांचे वेगळेपण
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आम्हाला आरोग्यावर बोलायला सांगितले आहे. औषधांचे डॉक्टर मंडळी सांगतीलच. आम्ही बोलणार आहोत ते दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाविषयी.

आपला राजुराच पहा ना. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्यामुळे घरात तेलुगू बोलणारी माणसे इथे पुष्कळ. जिवतीच्या डोंगरावर कोलामांचे गुडे, गोंडांची गावे, बंजाऱ्यांचे तांडे. कोळशाच्या खाणींमुळे हिंदी बोलणारे मजूर आले. दवाखान्याच्या एका बाकावर चार-पाच भाषा बसतात, आणि प्रश्न मात्र एकाच भाषेत विचारला जातो. कोलाम बाई मान खाली घालते. मग कोणीतरी म्हणते, "अडाणी आहे, सांगतच नाही."

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था काढली. दवाखान्यात यायला का भिता, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. उत्तरे ऐकण्यासारखी आहेत. तुमचे डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आम्ही तर मढे पांढऱ्या कपड्यात गुंडाळतो. पेशंटला आत ठेवता, नातेवाइकांना बाहेर काढता. तुमची बोली कळत नाही. आणि तुमच्या दवाखान्यात देव नाही. यात अडाणीपणा कुठे आहे, सांगा! मग शोधग्रामचा दवाखाना आदिवासी गावासारखा, झोपड्यांचा बांधला. सोबतच्या माणसांना राहता येईल अशी सोय केली. नाव दिले माँ दंतेश्वरीचे. आपण देव-देवी मानत नाही. तरीही आम्ही म्हणतो, ते बरोबर केले. दवाखाना पेशंटसाठी असतो, आपल्या मतांसाठी नव्हे.

याच दांपत्याने दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली. निष्कर्ष १९८९ मध्ये जगासमोर आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दुखणे अंगात होतेच, त्यांच्या शब्दांत विचारणारे कोणी नव्हते.

हे विहारात का सांगतो? बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. त्याचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त आले होते. त्याची बाळंतीण बायको फार आजारी पडलेली. डॉक्टर आला तो शिवणार नाही या अटीवर. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हातात दिले, त्याने नवऱ्याच्या आणि नवऱ्याने बायकोच्या. ती बाई वाचली नाही. आज आपल्या पोरी नर्स आहेत, आशा आहेत, पोरे आरोग्यसेवक आहेत. थर्मामीटर आता आपल्या हातात आहे. कोलाम बाईच्या अंगाला वास येतो म्हणून हात लांब ठेवायचा की काय?

याचा अर्थ काहीही चालवून घ्या असा नाही, बरं का. साप चावल्यावर मांत्रिकाकडे वेळ घालवणे म्हणजे जीव घालवणे. लस दवाखान्यातच मिळते. पण उशिरा आणले म्हणून नातेवाइकांवर ओरडाल, तर पुढच्या वेळी ते आणणारच नाहीत. आधी इंजेक्शन, समजावणे नंतर, आणि तेही गावच्या पाटलाला सोबत बसवून.

विहार समितीकडे एक मागणे आहे. रविवारी आपल्या नर्स आणि आशा मुलींना इथे बसवा. गुड्यावरची एखादी जाणती बाई बोलवा. पोटदुखी, ताप, धाप लागणे, अंगावरून जाणे यांना कोलामीत, गोंडीत काय म्हणतात ते वहीत उतरवून घ्या. वहीचा खर्च आम्ही करू. त्या बाईची बुडालेली मजुरी मात्र समितीने द्यावी, आणि ती त्याच दिवशी द्यावी.